हनोईत पहिल्यांदाच, सोबत सासूबाई आणि पूर्ण शाकाहार: पहिले दोन दिवस कसे बसवायचे?

सदाफुली

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं (मी, नवरा आणि सासूबाई, वय 67) मुंबईहून व्हिएतनामला, हनोईला निघतोय. तीन रात्री हनोई, पुढे हालाँगचा उपसागर. तिघांचीही परदेशाची पहिलीच खेप. विमान सकाळी 6 च्या सुमारास उतरतं. हॉटेल जुन्या पेठेत, होआन किएम तळ्याजवळ घ्यावं असं चाललंय, पैसे अजून भरलेले नाहीत.

अडचणी अशा. विमानतळावरून पेठेत कसं यायचं? पैसे कसे न्यायचे? तिथल्या चलनाचे, डोंगचे, ते लाखांचे आकडे बघून आत्ताच गरगरतंय. आम्ही शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत, कांदा-लसूण चालतो. त्यांचे गुडघे दुखतात, त्या चालतात पण बेताने. आणि तिथला रस्ता ओलांडायचे व्हिडिओ पाहिल्यापासून त्यांनी धसका घेतलाय. नवरा म्हणतो, दादरची सवय असलेल्याला कसली भीती. खरंच तसं आहे का?

घाटवाट

दादरची सवय नडते, पण त्यावर कुणीतरी नीट लिहीलच. मी निघण्यापासून खोलीत पोचेपर्यंतचं सांगतो.

व्हिसा आधी. व्हिएतनामचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरच काढा. एकदाच प्रवेशाचा 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचा 50 डॉलर. ऑगस्ट 2023 पासून तो 90 दिवसांपर्यंत मिळतो. हुबेहूब सरकारी दिसणारी दलालांची संकेतस्थळं शोधात वर येतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. मागितलेली रक्कम 25 किंवा 50 नसेल तर तिथून बाहेर पडा. तीन दिवसांत येतो म्हणतात ते कामकाजाचे तीन दिवस, आणि अर्जात काही खुसपट निघालं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

आपल्याकडच्या लोकांचं बहुतेक वेळा अडतं ते नावाच्या रकान्यात. आपल्या पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या ओळीत स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात, आडनाव वेगळ्या ओळीत. अर्जात ती जशीच्या तशी, त्याच क्रमाने हवीत. मधलं नाव गाळलं किंवा जन्मतारखेत दिवस-महिना उलटा पडला, तर हनोई दूरच, मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच अडवतात. व्हिसा हातात आला की तिघांचाही पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. कागदावर दोन प्रती काढा, फोनवर विसंबू नका.

पैसे. रुपये तिथे बदलून मिळतील या भरवशावर जाऊ नका. डॉलर न्या, शंभराच्या कोऱ्या करकरीत नोटा. घडीवर फाटलेली, शिक्का उमटलेली किंवा पेनाची रेघ असलेली नोट परत करतात किंवा दर पाडून घेतात. विमानतळावर पहिल्या दिवसापुरते बदला, बाकीचे शहरातल्या बँकेत. सोबत एटीएम कार्ड असू द्या, पण निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातला वापर चालू करा. आपल्या कार्डांवर तो मुळात बंद असतो, आणि ही गोष्ट नेमकी तिथल्या एटीएमसमोर आठवते. तिथलं मशीन एका वेळी साधारण 20 ते 50 लाख डोंगच देतं आणि प्रत्येक वेळी शुल्क कापतं. 'रुपयांत रूपांतर करून हवं का' असं विचारलं तर नाही म्हणा. त्यांचा दर तुमच्या बँकेपेक्षा हमखास वाईट असतो.

आकड्यांना मात्र घाबरू नका. लाखांत मोजायची सवय असलेल्या आपल्याला डोंग सोपा जातो. एक लाख डोंग म्हणजे साधारण 330 ते 350 रुपये (त्या दिवसाचा दर बघा). दुकानातल्या पाटीवर '50 के' किंवा नुसतं '50' लिहिलेलं असेल तर ते 50 हजार, म्हणजे पावणेदोनशेच्या आत-बाहेर. हजार काढून टाका, उरलेल्याला साडेतीनने गुणा, झालं.

खरी गोची नोटांच्या रंगाची. 20 हजारांची नोट निळी आणि 5 लाखांचीही निळीच, जरा हिरवट झाक असलेली. एक साठ-सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेच्या आसपास. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो चि मिन्ह यांचाच चेहरा. रात्री टॅक्सीच्या मंद दिव्यात हात चुकतो आणि समोरचा काही परत बोलवत नाही. 5 लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना शून्यं मोजून द्या: 20 हजारांवर चार, 5 लाखांवर पाच.

विमानतळाचं नाव नोई बाई, पेठेपासून पाऊण तास ते तासाभराचं अंतर. तुम्ही तिघं, सामान आणि गुडघे म्हटल्यावर ग्रॅबची (तिकडची ओला-उबर) गाडी घ्या. अ‍ॅप इथेच उतरवा आणि भारतीय नंबरवर येणारा ओटीपी इथेच टाकून खातं चालू करून ठेवा. तिथे गेल्यावर तुमचं सिम रोमिंगवर नसेल तर ओटीपी येणारच नाही. पैसे भरायचा पर्याय 'रोख' ठेवा. भाडं साधारण तीन लाख डोंगच्या अलीकडे-पलीकडे दाखवतं. दारातच 'ग्रॅब? ग्रॅब?' म्हणत अंगावर येणारे लोक ग्रॅबचे नसतात. अ‍ॅपमधला गाडीचा नंबर आणि समोरची पाटी जुळली तरच बसा.

तिकीट_प्लीज

वर बसचा उल्लेख राहिला. 86 क्रमांकाची नारिंगी बस आंतरराष्ट्रीय टर्मिनलच्या बाहेरून सुटते, तिकीट 45 हजार डोंग, सामान ठेवायला जागा असते. लाँग बिएनवरून, जुन्या पेठेच्या कडेने हनोई रेल्वे स्टेशनपर्यंत जाते. तिघांचे 1 लाख 35 हजार, म्हणजे ग्रॅबच्या निम्म्याहून कमी.

घाटवाट

बस चांगलीच आहे, एकटादुकटा असेल तर डोळे झाकून घ्यावी. पण ती पेठेच्या कडेला सोडते, आत नाही. तिथून बॅगा ओढत हॉटेल गाठायचं म्हणजे फुटपाथवरून, आणि तिथल्या फुटपाथवर स्कूटर लावलेल्या असतात. मग रस्त्यावर उतरायचं. सासूबाईंना परदेशातली पहिली पंधरा मिनिटं ही नकोत.

आणखी एक. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. फिरायला ती वेळ फार छान, पण हॉटेल त्या पट्ट्यात असेल तर गाडी अडसराच्या बाहेरच सोडते. पोचण्याचा किंवा निघण्याचा दिवस त्यात येतोय का बघा.

मुगाची_उसळ

जेवणाचं मी घेते.

तिकडे शाकाहाराला शब्द आहे 'चाय'. आपला चहा नव्हे. 'तोइ आन चाय' म्हणजे मी शाकाहारी आहे. उच्चार सपाट करायचा, चढउतार नाही. व्हिएतनामी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, आणि या शब्दात तर हमखास घोटाळा आहे: 'कोम चाय' सपाट सुरात म्हणजे शाकाहारी भात, आणि चढत्या सुरात म्हणजे खरपुडीसारखा कुरकुरीत भात, जो बहुधा मटणाच्या किंवा डुकराच्या मांसाच्या तयारीबरोबर वाढतात. पाटीवर ओळखायची खूण: शब्दातल्या 'ए' या रोमन अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ असेल तर ते करपलेलं, रेघ नसेल तर शाकाहारी. बोलण्यापेक्षा फोनवर लिहून दाखवा.

'चाय' ही बौद्ध परंपरेतली कल्पना आहे. त्यात मांस, मासे, फिश सॉस काही नसतं. बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही टाळतात. आपल्यापेक्षा कडकच म्हणा ना. म्हणून पाटीवर 'चाय' लिहिलेलं हॉटेल असेल तर निर्धास्त बसा. फक्त सासूबाईंना आधी सांगून ठेवा की तिथे सोया आणि पिठापासून केलेलं, दिसायला अगदी मांसाच्या तुकड्यासारखं काहीतरी ताटात येऊ शकतं. खरं मांस नाही, पण ऐनवेळी पाहिलं तर घास अडकतो. टोफू आणि भाज्यांचे पदार्थ निवडले की प्रश्न मिटला. अंडं मात्र काही चाय हॉटेलांत चालतं, म्हणून त्यांच्यासाठी 'खोंग चुंग', अंडं नको, हेही सांगायचं.

साध्या हॉटेलात जाऊन 'नो मीट' म्हटलं की फसगत ठरलेली. कारण मांसाचे तुकडे ते काढतील, पण न्युक माम, म्हणजे फिश सॉस, त्यांच्या लेखी मांस नाहीच, आपल्या मिठासारखं आहे. लसूण घालून परतलेली ती हिरवीगार पालेभाजी (राउ मुओंग, आपली नाळीची भाजी) दिसायला अगदी सोज्वळ, पण तिच्यात फिश सॉस किंवा डुकराच्या हाडांच्या अर्काची तयार मसाला-पूड पडलेली असू शकते. 'खोंग न्युक माम' हे वाक्य पाठ करा. फो नूडल्सचं पाणी गोमांसाच्या किंवा कोंबडीच्या हाडांवर कितीतरी तास उकळलेलं असतं; त्यातून मांस वगळून काही उपयोग नाही, चाय हॉटेलातलाच फो खा. तळलेला टोफू आणि शेवया असं केळीच्या पानावर मांडलेलं ताट (बुन दाउ) बघून जीव हरखतो, पण त्याच्याबरोबरची जांभळट चटणी सडवलेल्या कोळंबीची असते, आणि तिचा वास दहा फुटांवरून येतो. बान्ह मी, म्हणजे तिथला पाव, घेताना विचारा, कारण आतून आधी यकृताची पेस्ट फासलेली असते, भाजी मागाहून.

आता बिनघोर खाण्यासारखं. सकाळी टोपलीत कापडाखाली वाफाळणारा चिकट भात विकतात, त्याला सोय म्हणतात. शेंगदाणे घातलेला तो सोय लाक, मक्याचा सोय न्गो. विकणारी बाई त्यावर डुकराच्या मांसाचा कोरडा भुगा आणि चरबीत तळलेला कांदा घालायला हात उचलते, तेवढा तिथेच थांबवायचा आणि 'मुओय वुंग' म्हणायचं. हे मुओय वुंग म्हणजे तीळ-दाण्याचं मीठ घातलेलं कूट. तिखट आणि लसूण वगळलेली आपली दाण्याची कोरडी चटणी समजा. सासूबाईंना हा पदार्थ लगेच ओळखीचा वाटेल. साधा भात आणि हे कूट जवळजवळ कुठेही मिळतं. फळं भरपूर. कॉफी कडक आणि गोड दुधाची. 'एग कॉफी' प्रसिद्ध आहे, पण तिच्यावरचा फेस फेटलेल्या कच्च्या पिवळ्या बलकाचा, तेव्हा त्यांच्यासाठी नाही.

आणखी एक युक्ती. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक चाय पाळतात, त्यामुळे त्या दिवशी शाकाहारी पदार्थ जास्त ठिकाणी दिसतात. कालनिर्णयात पौर्णिमा आणि अमावास्येनंतरची प्रतिपदा बघा. एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, पण अंदाज येतो.

खोलीत बहुतेक ठिकाणी पाण्याची किटली असते. भाजके पोहे, उपम्याचं कोरडं मिश्रण, मेतकूट एवढं बॅगेत असलं की रात्रीची शोधाशोध वाचते. नळाचं पाणी पिऊ नका, चूळ भरायलाही बाटलीचंच बरं.

सदाफुली

मुगाची_उसळताई, रेघेचं ते लगेच टिपून घेतलं! रस्त्याचं कुणी सांगा ना. आणि हॉटेल घेताना काय विचारायचं?

फलाट_क्रमांक_तीन

रस्ता. सगळ्यात आधी डोक्यातला उलटफेर. तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात. आपली मान जन्मभराच्या सवयीने आधी उजवीकडे वळते, तिथे पहिला धोका डावीकडून येतो. दादरच्या सवयीचं इथेच बिघडतं: माणूस चुकीच्या दिशेला बघून आत्मविश्वासाने पाऊल टाकतो. मधोमध पोचलात की मग उजवीकडे बघायचं. एकेरी रस्त्यावरही दोन्हीकडे नजर हवी, उलट्या दिशेने येणारी एखादी स्कूटर असतेच.

दुसरं, दादरला आपण फट शोधतो, पळतो, थांबतो, हात दाखवतो. हनोईत फट मिळतच नाही, आणि पळणं हीच मोठी चूक. स्कूटरवाला दुरूनच तुमचा वेग हेरतो आणि तुमच्या मागून किंवा पुढून जायचं ठरवतो. तुम्ही मध्येच थबकलात किंवा मागे सरलात की त्याचा हिशोब कोलमडतो. म्हणून देवळात प्रदक्षिणा घालताना चालतो तसं, एका लयीत, सावकाश. स्कूटरींचा लोंढा पाण्यासारखा दोन्ही बाजूंनी फुटून जातो. हा नियम फक्त दुचाकींना. बस, ट्रक आणि मोटारी वळसा घालत नाहीत, त्यांना आधी जाऊ द्यायचं. अशा दोन मोठ्या वाहनांच्या मध्ये जो दुचाकींचा पट्टा येतो तो तुमचा.

सासूबाईंना घेऊन जाताना नवऱ्याने वाहनं येणाऱ्या बाजूला राहावं: अर्ध्या रस्त्यापर्यंत त्यांच्या डावीकडे, मग उजवीकडे. पंजा धरू नका, दंडाला धरा. पंजा धरला की एक जण ओढतो आणि दुसरा अडखळतो. झेब्रा पट्ट्यांना स्वतःचं असं वजन फारसं नाही. सिग्नल मात्र आता बऱ्यापैकी पाळतात, 1 जानेवारी 2025 पासून दंड जबर वाढलेत: लाल दिवा तोडणाऱ्या दुचाकीला 40 ते 60 लाख डोंग. तरी उजवीकडे वळणाऱ्यांवर लक्ष असू द्या. पहिला सराव सकाळी 7 च्या आत तळ्याकाठी करा, तेव्हा लोंढा पातळ असतो.

हॉटेल. जुन्या पेठेतली घरं तोंडाला अरुंद आणि आत बोगद्यासारखी लांब, सहा-सात मजले उंच. तिथेच हॉटेलं. त्यामुळे पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. एक, लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीवरून सुरू होते का (पुष्कळदा आधी अर्धा जिना चढावा लागतो). दोन, खोलीला खिडकी आहे का आणि ती कुठे उघडते. स्वस्त खोल्यांना खिडकी नसतेच, किंवा शेजारच्या भिंतीवर उघडते. तीन, एसी गरम हवा देतो का. हा प्रश्न विचारायचं लोकांना सुचत नाही, कारण व्हिएतनाम म्हणजे घाम असं डोक्यात असतं. हनोईला खरा हिवाळा आहे. जानेवारीत पारा पंधराच्या आसपास, कधी दहापर्यंत, वर दमट गारठा आणि भुरभुर पाऊस. घरांत गरम हवेची सोय फारशी नसते. ओल्या थंडीत गुडघे आणखी धरतात. लोकरी मोजे, गरम पाण्याची पिशवी, वाऱ्याचं जाकीट न्या. हिवाळ्यात हवाही खराब असते, एन-95 मास्क सोबत ठेवा.

तुम्ही सकाळी 6 ला उतरणार, खोली मिळणार दुपारी 2 ला. लवकर प्रवेशासाठी आधीच लिहा, गरज पडली तर आदल्या रात्रीचे पैसे भरा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तासन् तास लॉबीत बसवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आणि बसण्याचं. रस्त्याकडेला खायचं म्हणजे प्लास्टिकचं बुटकं स्टूल, आपल्या न्हाणीघरातल्या चौरंगाएवढं, जमिनीपासून वीतभर. त्यावर त्यांना बसता येईल, उठता येणार नाही. एकावर एक तीन स्टुलं रचून द्यायला सांगा, लगेच देतात, कुणी हसत नाही.

तिकीट_प्लीज

पत्त्याबद्दल. पेठेत सरळ चालत राहिलात तरी रस्त्याचं नाव बदलत जातं. तळ्याकडून उत्तरेला निघालं की हांग दाओ, मग हांग न्गांग, मग हांग द्युओंग, पुढे दोंग सुआन बाजार. रस्ता एकच, नावं चार. 'हांग' म्हणजे माल. ज्या गल्लीत जो धंदा, ते तिचं नाव. हांग बाक चांदीची, हांग थिएक कथील-पत्र्याची (तिथे आजही पत्रे ठोकत बसलेले दिसतात), हांग मा कागदी पूजासाहित्याची. पुण्यातल्या तांबट आळीचाच प्रकार. पत्त्यात 'न्गो' आलं तर ती मुख्य रस्त्यावरून फुटलेली गल्ली, आणि 'न्गाच' म्हणजे गल्लीतली बोळ. तिथे गाडी शिरत नाही. हॉटेलच्या पत्त्यात यातलं काही असेल तर सामान उचलायची तयारी ठेवा.

टॅक्सीवाला 'ते हॉटेल बंद झालं, दुसरं दाखवतो' म्हणाला किंवा त्याच नावाच्या भलत्याच दारात उतरवू लागला, तर उतरू नका. गल्ली आणि घर क्रमांक जुळवा. तळ्याकाठी कुणी खाली वाकून तुमच्या चपलेला गोंद लावायला लागला की पाय मागे घ्या. दुरुस्ती संपल्यावर तो मागतो ते ऐकून चप्पल नवीच घेतलेली बरी वाटते. खांद्यावरची कावड तुमच्या खांद्यावर ठेवून फोटो काढू देणारी बाईही फुकट देत नाही. आधी दर, मग फोटो.

घाटवाट

बघण्याचं थोडक्यात. हो चि मिन्ह यांची समाधी फक्त सकाळी उघडी असते, हिवाळ्यात 8 ते 11. सोमवारी आणि शुक्रवारी बंद. गुडघे झाकणारे कपडे, आत फोटो नाही, बोलणं नाही, रांगेत उभं राहावं लागतं. तिथून जवळच वान मिएउ, म्हणजे कन्फ्युशियसचं देऊळ, 1070 सालचं, विद्वानांच्या नावांच्या 82 शिळा दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या. जागा सपाट आहे, फक्त उंबरठे उंच. संध्याकाळी तळ्याकाठचा पाण्यावरच्या कठपुतळ्यांचा खेळ, पाऊण तासाच्या वर थोडा. तिथे खुर्च्या दाटीच्या असतात, सासूबाईंसाठी कडेची मागा.

आणि हो, व्हिएतनामने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावर युद्ध जिंकलं, तिथे कुणाच्या समाधीवर महाराजांचं नाव कोरलंय, असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्याला आधार नाही, गाइडला विचारून त्याची पंचाईत करू नका.

रेल्वेच्या रुळांना खेटून असलेल्या कॅफेंची गल्ली: 2019 आणि 2022 मध्ये प्रशासनाने ती बंद केली होती, तरी कॅफेवाले आतून बोलावून नेतात. गाडी बसलेल्या माणसापासून हातभर अंतरावरून जाते आणि ऐनवेळी चपळाईने खुर्ची मागे घ्यावी लागते. तुमच्या बेतातून वगळा.

सदाफुली

खूप खूप आभार! लिफ्ट आणि गरम एसी विचारून आत्ताच दोन हॉटेलं बाद केली. चार्जरसाठी वेगळी पिन लागेल का?

तिकीट_प्लीज

व्होल्टेज जवळजवळ आपल्याएवढंच, 220. फोनच्या चार्जरची बारीक दोन गोल टोकांची पिन थेट बसते. तीन टोकांची जाड पिन (लॅपटॉप, इस्त्री) बसत नाही, तिला अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या. आणि फोनमध्ये हे आत्ताच साठवा: पोलीस 113, आग 114, रुग्णवाहिका 115. भारतीय दूतावास चान हुंग दाओ रस्त्यावर, 58-60 क्रमांक, तळ्याच्या दक्षिणेला.